कटोऱ्याचा खर्च कोणाचा

उकंडाला घेणं जमत नसे. देणं जमे, अगदी सढळ हातानं जमे. उमरखेडात कोणाचं इंजिन अडलं, कोणाच्या घराचा पत्रा उडाला, की हा पाना-हातोडा घेऊन न बोलावता हजर. पण कोणी त्याला साधी पेरूची फोड पुढं केली, तरी तो असा मागं सरके, की देणाऱ्यालाच वाटावं आपण काही भलतंच काढलं. लोक हसत. म्हणत, उकंडाच्या हाताला तळवाच नाही, नुसती पाठ आहे.

याला कारण होतं. त्याचा बाप अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या अंगणात, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्याला होता. छप्पन साली नागपुराहून दीक्षा घेऊन आल्यावर म्हाताऱ्यानं पोरांना एकच गोष्ट शिकवली: यापुढं कोणासमोर हात पसरायचे नाहीत. उकंडा तेव्हा रांगत होता. पण पुढची वीस वर्षं जेवताना, झोपताना, बैलांना पाणी पाजताना हेच ऐकलं, आणि ते त्याच्या हाडात जाऊन बसलं. म्हातारा गेला, पण त्याची गोष्ट काही गेली नाही.

आणि आता, दोन हजार सातच्या त्या भाजून काढणाऱ्या चैत्रात, उकंडाला हात पसरणं भाग होतं.

त्याची बायको सत्यशीला अंगणवाडीत मदतनीस होती. वर्षभर तिला अंगावरून जात होतं आणि वर्षभर ती ते लपवत होती. शेवटी खिचडीच्या पातेल्यापाशीच चक्कर येऊन पडली तेव्हा यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, समजावून बोलल्या. गर्भपिशवी काढावी लागेल, हा मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारची तारीख देते, रक्त चढवावं लागेल. आमच्या रक्तपेढीतून आम्ही देऊ, पण त्याच्या बदल्यात रक्त देणारी दोन माणसं तुम्ही आणा.

"माहं घ्या ना, मॅडम," उकंडानं लगेच बाही वर केली. बोटाला टोचून तपासलं, तर बाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्याच अंगात रक्त नाही. तुम्हाला गोळ्या लिहून देते."

उकंडा कामाला होता ती कापसाची जिनिंग दोन हंगाम बंद, घरात जे शिजे ते आधी बायकोपुढं सरकवायचं, मग अंगात रक्त कुठून राहणार. मुलगी जया चंद्रपूरला, तीन आठवड्यांची बाळंतीण. जावई कामाला सुरतेला. एक भाऊ वारला, दुसऱ्याला बीपी.

"दोन मानसं कुठून आनसान?" परतीच्या एसटीत सत्यशीलेनं विचारलं होतं.

"दोन कायले? चार आनतो," उकंडानं छाती काढून सांगितलं. "तू नको घोर करू."

घोर त्यानं स्वतःकडं ठेवून घेतला. आठ दिवसांत तो चार दारांपर्यंत गेला. पहिल्या दारात उन्हाबद्दल बोलून आला. दुसऱ्या दारात विजेच्या लाइनीबद्दल बोलून आला. तिसऱ्या दारात त्या माणसाचा कूलर दुरुस्त करून आला, आणि चौथ्या दाराची कडी वाजवलीच नाही. मागणं काही जमेना. त्याची पक्की समजूत होती की रक्त म्हणजे माणसाला जन्मताना मिळालेली भरलेली घागर; एक बाटली काढली की तेवढा तो माणूस कायमचा कमी झाला. आपल्या बायकोसाठी दुसऱ्याच्या लेकराच्या बापाला कमी करायचं, हे कोणत्या तोंडानं मागायचं?

शुक्रवार उजाडला. हाताशी तीनच दिवस उरले. आणि शुक्रवार म्हणजे खेळाचा दिवस.

आता हा खेळ काय, ते सांगायला हवं, कारण उमरखेडात तो खेळणारी मोजून चार माणसं होती आणि बाकीचं गाव त्यांना थोडं सटकलेलंच समजे. मुख्तारभाई मोटारी बांधायचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्या दुकानात यायच्या, तो त्यातली काळी पडलेली तार काढून नवी गुंडाळायचा. पण त्या वर्षी बारा ते सहा लोडशेडिंग. लाइनच नाही तर बांधलेली मोटार तपासणार कशी? म्हणून दुपारी दुकानात नुसतं बसणं असे. त्याची मुलगी जेबा अमरावतीहून डिप्लोमा करून आली, ती हॉस्टेलवरून हा खेळ घेऊन आली. यात पट नाही, प्यादी नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, म्हणजे जेबानं. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपला माणूस आता काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते आकड्यावर. पुस्तकात वीस बाजूंचा फासा लिहिला होता. तो उमरखेडात कुठून मिळणार? म्हणून हाऊजीच्या एक ते वीस सोंगट्या पिशवीत घालून त्यातली एक काढायची. आणि प्रत्येकाचा जीव म्हणजे त्याच्यापुढं ठेवलेले वीस वायसर. मोटारीच्या नट-बोल्टाखालच्या लोखंडी चकत्या. मार बसला की वायसर कमी. वायसर संपले की माणूस खलास.

उकंडा आधी जिनिंगच्या मोटारी घेऊन या दुकानात यायचा. जिनिंग बंद पडल्यावर मोटारींशिवायच येऊ लागला. चौथा माणूस कमी पडतो म्हणून एका शुक्रवारी त्याला ओढलं, आणि दोन वर्षं झाली, तो एकही शुक्रवार चुकला नव्हता. खेळात तो होता वाघमाऱ्या, उघड्या छातीचा तलवारबाज, पुढचा-मागचा विचार न करणारा. बाहेर मान खाली घालून चालणारा उकंडा वाघमाऱ्या झाला की आरोळी ठोकून चाळीस-चाळीस दरोडेखोरांत घुसायचा. मिनिडोर, म्हणजे तीनचाकी टेम्पो, चालवणारा धम्मदीप होता चपळ्या नावाचा चोर. आणि मुख्तारभाई होता हकीम सुभानी, ज्याच्याजवळ एक जादूचा चांदीचा कटोरा होता. कटोऱ्यातलं पाणी पाजलं की जखमी माणूस बरा.

घोडं पेंड खात होतं ते या कटोऱ्यापाशी. जेबाजवळ होती झेरॉक्स, तीही हॉस्टेलच्या पोरींनी घाईत काढलेली. कटोरा वापरला तर त्याचा खर्च काय, हे ज्या पानावर होतं ते पानच तिच्यात आलं नव्हतं. पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहिला: बरं होणाऱ्याचा वायसर वाढणार, मग तो आणायचा कुठून? मुख्तारभाईनं एका क्षणात निकाल दिला होता. "लोड आला म्हंजे करंट कुठून तरी खेचनारच. फुकटात कोनती मोटर फिरते बे? हकीमाच्या अंगातूनच जाईन." आणि आपल्यापुढचा एक वायसर उचलून वाघमाऱ्याच्या ढिगात टाकला होता. सगळ्यांना ते पटलं. देणाऱ्याचं काही न जाता घेणाऱ्याला मिळतं, यावर विश्वास ठेवायला आमच्या जिल्ह्यात कोणी तयार नसतं. त्या वर्षांत तर नव्हतंच नव्हतं.

तेव्हापासून दोन वर्षं हकीम सुभानी आपले वायसर वाटत आला. वाघमाऱ्या घुसायचा, फाटून यायचा आणि हकीम त्याला शिवायचा. आता मुख्तारभाईपुढं एक वायसर उरला होता, एकच. मागच्या शुक्रवारी खिंडीच्या तोंडाशी वाघमाऱ्या मरायला टेकला, मुख्तारभाईनं तो शेवटचा वायसर बोटांत धरला, आणि तेवढ्यात लाइन आली. लाइन आली की खेळ जिथं असेल तिथं थांबे, कारण मग मोटारी उठायच्या. तो वायसर आठ दिवस तसाच टेबलावर पडून होता.

उकंडानं ठरवूनच टाकलं होतं. आज जायचं, वाघमाऱ्याला मरू द्यायचं आणि पुन्हा या दुकानात यायचं नाही. खोटा का होईना, दुसऱ्याचा शेवटचा जीव आपल्या ढिगात पडलेला त्याला बघवणार नव्हता. रक्ताचं तर इथं काढायचंच नाही. ज्या माणसानं खेळात एवढं दिलं त्याच्याकडं खरं कसं मागायचं?

जुम्म्याची नमाज करून मुख्तारभाई दोनच्या सुमारास दुकानात आला. धम्मदीप आधीच मोटारीच्या खोक्यावर बसून घाम पुसत होता. उकंडा दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"या ना उकंडाभाऊ, बाहेर काहून वाळत घातलं स्वतःले?" मुख्तारभाई म्हणाला.

"मी सांगाले आलो फक्त. वाघमाऱ्याले मरू द्या. हकीमाले वाचवा."

"अरे वा. कोन मरन अन् कोन जगन, हे तुमी ठरवसान?"

"खरं सांगून राह्यलो मी, मुख्तारभाई. त्याचा टाइम झाला."

मुख्तारभाईच्या भुवया चढल्या. तो तापट होता, पण त्याचा ताप दुधासारखा, वर येई आणि फुंकर घातली की खाली बसे. "दोन वर्सं त्याले जित्ता ठेवलं मी, अन् आता तुमी म्हन्ता टाइम झाला? हकीम माह्या हातात हाय, का तुमच्या?"

भांडण जुंपायचंच, पण जेबा धावत आली. ओढणी घामानं भिजलेली, हातात वहीचं फाडलेलं पान. सकाळी लाइन होती तेवढ्यात ती सायबर कॅफेत जाऊन आली होती. अमरावतीच्या हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला, पायलला, तिनं महिन्यापूर्वी मेल टाकला होता, कारण पायलजवळ अख्खं पुस्तक होतं. आज उत्तर आलं होतं आणि जेबानं ते बसून मराठीत उतरवून काढलं होतं.

"कोनीच मरत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "काकाजी, आत या, बसा. अब्बा, तुमी पन. आपन दोन वर्सं चुकीचं खेळलो."

उकंडा आत आला, पण टेकला फक्त स्टुलाच्या कडेवर. जेबानं पान टेबलावर ठेवून वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता आपल्या शब्दांत सांगू लागली.

"आयका. मंतर मानसानं स्वतः म्हटला तर खर्च त्याच्या अंगातून. हे आपल्याले माहीत होतं. पन वस्तूतली जादू वापरली तर खर्च वस्तूचा. वस्तूत किती भरलं हाय ते लिहिलेलं असते. आपल्या कटोऱ्यात सात घोट. एकाले पाजलं की कटोऱ्यातला एक घोट कमी. हकीमाचा वायसर नाही जात."

"मंग हकीमाचं काय जाते?" धम्मदीपनं विचारलं.

"त्याची बारी जाते. त्या बारीत तो पानी पाजन तर तलवार नाही चालवू शकत, पळू नाही शकत. एवढंच."

"अन् सात घोट सरले का?"

"सूर्य उगवला का कटोरा आपोआप भरते."

मुख्तारभाईनं टेबलावर थाप मारली.

"आपोआप कसा भरन? कुठून भरन? लाइन कोन देते त्याले?"

"ते नाही लिहिलं, अब्बा. जादूचा हाय तो."

"जादूचा असन, पन हिसाब तर पाह्यजे! मोटर पानी फेकते तर करंट खाते. हे मले नको शिकवू, पंचवीस वर्सं झाली मले."

जेबा त्याचीच मुलगी होती, ती हटणार थोडीच. "बरं, तुमचीच मोटर घ्या. बटन कोन दाबते? मानूस. मंग ते करंट बटन दाबनाऱ्याच्या अंगातून जाते का?"

मुख्तारभाईची नजर भिंतीवरच्या बटणाकडं गेली.

"अर्थिंग नसन तर जाते," धम्मदीप म्हणाला, आणि सगळ्यात आधी स्वतःच हसला. मग जेबा हसली आणि शेवटी मुख्तारभाईही. "हारलो," तो म्हणाला. "बटन दाबनारा मी, अन् दोन वर्सं स्वतःलेच तार समजून राह्यलो."

फक्त उकंडा हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं ते वायसर येत होते. एक-एक करून, शुक्रवारमागून शुक्रवार, त्या तेलकट बोटांनी उचललेले आणि आपल्या ढिगात टाकलेले.

जेबा कामाला लागली होती. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. "एकोनीस गेले तुमचे, अब्बा. अकरा वाघमाऱ्याले, पाच चपळ्याले, तीन त्या सरायवाल्या म्हातारीले. पुस्तकाप्रमाने ते जायलेच नोते पाह्यजे. मी वापस देते." तिनं खणातून मूठभर वायसर काढले आणि बापापुढं ओतले.

मुख्तारभाईनं ते हातानं बाजूला सारले. "नको."

"नको काय? नियम हाय."

"आतापासून नियमानं खेळू. कटोऱ्याचे सात घोट, रोज सकाळी भरन, मान्य. पन जे देल्लं ते देल्लं. ते मी काय नियम पाहून देल्लं का?"

हे तो असं सहज बोलला, जसं कोणी म्हणावं की पान खाल्लं, चुना थोडा जास्त झाला. बोलून त्यानं आपला तो एकुलता एक वायसर पुढ्यात नीट मधोमध ठेवला आणि सोंगट्यांची पिशवी हलवायला घेतली.

घरून निघताना उकंडाचा हिशेब साधा होता: अजून कोणाचं काही घ्यायचं नाही. पण अकरा त्यानं घेतलेच होते की! चूक नियमाची होती, पण देणारा तर आपल्या अंगातलंच देतो आहोत असं समजून देत होता, आणि एकदाही त्याचा हात आखडला नव्हता. आणि आपण? आपण ते घेऊन आरोळ्या ठोकत फिरलो आणि कधी एका शब्दानं बोललो नाही. म्हणजे आपण कोणाचं घेत नाही, हा जन्मभराचा तोराही खोटाच होता. अकरा घेतलेल्या माणसानं बारावं मागायला लाजण्यात काय अर्थ आहे?

"मुख्तारभाई," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मले दोन मानसं पाह्यजेत."

"कोनत्या बाजूनं? खिंडीच्या?"

"खेळात नाही. यवतमाळले. रक्त द्याले." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. सत्यशीला, पिशवी, मंगळवार, आपलं पातळ रक्त, ती चार दारं आणि तो दुरुस्त केलेला कूलर. सांगताना तो वर बघतच नव्हता. टेबलावरच्या वायसरांशी बोलत होता.

सांगून झालं. जेबानं ओढणी तोंडाला लावली होती. मुख्तारभाई हळूहळू उभा राहिला आणि या खेपेला त्याचा ताप खरा होता.

"मंगळवारी ऑपरेशन! अन् आज कोनता वार हाय?"

"शुक्रवार."

"शुक्रवार! वैनी तिकडं चक्कर येऊन पडून राह्यली, अन् हा मानूस येथं वाघमाऱ्याले मारून राह्यला! आठ दिवस, उकंडाभाऊ? आठ दिवस तुमी कूलर नीट करत फिरले? दुश्मन समजता का मले?"

"तुमचं कमी होईन म्हनून..."

"काय कमी होईन? काय, हकीम हाय का मी?" आणि हे बोलून तो स्वतःच थांबला, कारण हकीम तर तो होताच.

धम्मदीपनं मधे तोंड घातलं. "काकाजी, रक्त वापस भरते. मी तीनदा देल्लं आतापर्यंत, चौदा एप्रिलच्या शिबिरात. पाहा, सुकलो का मी?" तो सुकला नव्हता. चांगला आडवा होता.

"सोमवारी सकाळची पहिली गाडी," मुख्तारभाई म्हणाला. विषय संपला होता. उकंडाला वाटत होतं, मागितल्यावर माणूस लहान होतो. त्यानं स्वतःकडं नीट बघितलं. तो होता तेवढाच होता. उलट आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला. त्याला रडू फुटलं, आणि ते लपवायला त्यानं सोंगट्यांच्या पिशवीत हात घातला. सतरा निघाला. कशाचा, कोणाला ठाऊक.

सोमवारी एसटीत उकंडा-सत्यशीलेबरोबर रक्त देणारी दोघांऐवजी तिघं निघाली. जेबा म्हणाली, मी पन देते, आणि बापाचं ऐकेना. महागाव येईपर्यंत मुख्तारभाई मोठमोठ्यानं बोलत होता, आर्णीला त्याचा आवाज बारीक झाला आणि यवतमाळ दिसू लागलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत गप्प बसला. चारशे चाळीसच्या तारा उघड्या हातानं जोडणारा हा गडी सुईला भीत होता. रक्तपेढीत जेबाला काट्यावर उभं केलं तर एक्केचाळीस किलो. तिथल्या बाईंनी नाही म्हटलं. जेबानं भांडून बघितलं, चपला घालून वजन करा म्हणाली, पण बाई बधल्या नाहीत. मुख्तारभाई खाटेवर आडवा झाला, तोंड भिंतीकडं केलं, ओठांत काही पुटपुटू लागला, आणि पुटपुटणं संपायच्या आत बाई म्हणाल्या, "झालं, काका."

"झालं?" तो उठून बसला आणि त्या लाल पिशवीकडं असा बघू लागला जशी काही ती त्यानंच गुंडाळून तयार केली. "बाई, हे भरते म्हन्ते वापस. किती दिवसात?"

"पाणी भरायला एक-दोन दिवस. बाकीचं महिना-दोन महिन्यांत. हिरवी भाजी खायची."

"म्हंजे कटोऱ्याएवढं फास्ट नाही," तो जेबाला म्हणाला. बाईंना काही कळलं नाही. उकंडा दाराशी उभा राहून हे बघत होता, आणि मुख्तारभाई आणि त्याच्याआधी रक्त देऊन बसलेला धम्मदीप, या दोघांचे कोपरात दुमडलेले हात पाहून त्याला इतकं भरून आलं की धम्मदीपला बिस्किटं देताना त्याच्या हातून अर्धा पुडा खाली सांडला.

मंगळवारी दुपारी सत्यशीलेला वॉर्डात आणलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरीण बाई स्वतः सांगून गेल्या. खाटेच्या वर रक्ताची पिशवी टांगली होती आणि नळीतून थेंब-थेंब खाली येत होतं. उकंडा स्टुलावर बसून त्या पिशवीकडं बघत राहिला. हे मुख्तारभाईचं असेल की धम्मदीपचं? कोणाचं आहे ते कळलं तर बरं, असं त्याला वाटलं. त्या माणसाच्या घरी जायचं, त्याचं काही मोडलं असेल ते नीट करायचं, जन्मभर करत राहायचं. सवय लगेच जात नसते.

सिस्टर नाडी बघायला आली तेव्हा त्यानं विचारलं.

"त्यांचं नाही हे," ती म्हणाली. "तुमच्या माणसांचा ग्रुप वेगळा होता. त्यांचं पेढीत गेलं, ज्याला लागेल त्याला जाईल. हे दुसऱ्या कोणाचं."

"कोनाचं?"

"नाव नाही कळत आम्हाला. पिशवीवर नंबर असतो फक्त."

ती पुढच्या खाटेकडं गेली. उकंडा उठला आणि पिशवीवरचा नंबर वाचू लागला. कोणी दिलं असेल? दिग्रसचा एखादा मास्तर असेल, कळंबची एखादी बाई असेल, कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, कोण जाणे. ज्यानं दिलं त्याला सत्यशीला नावाची कोणी बाई जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. तो माणूस कुठंतरी आता जेवून पडला असेल, नाहीतर उन्हात काम करत असेल, आणि त्याचं रक्त इथं हिच्या अंगात उतरत होतं. त्याचा कूलर दुरुस्त करायला जाणार कुठं? आणि मुख्तारभाईचं रक्त? तेही असंच कोणाच्या तरी खाटेवर लटकणार, आणि तिथंही कोणी स्टुलावर बसलेला असणार. उकंडाला त्या न बघितलेल्या माणसाबद्दल एवढी माया दाटून आली, की त्याच्या नकळत त्याचे हात जोडले गेले, तिथंच, वॉर्डात, सगळ्यांदेखत.

सत्यशीलेनं डोळे उघडले. तिला आधी नवरा दिसला, मग त्याचे जोडलेले हात, मग वरची पिशवी.

"कोनाचं हाय?" तिनं सुकलेल्या ओठांनी विचारलं.

"माहीत नाही."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तीस वर्षांचा संसार होता. नवऱ्याचं दुखणं तिला स्वतःच्या दुखण्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. तशातही तिला चेष्टा सुचली.

"मंग तुमी फेडसान कसं?"

उकंडानं तिचा सुई नसलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"नाही फेडत," तो म्हणाला. "घेतलं आपन."